लाल शिडाची होडी

जुनी मोटार घेताना लोक शेजाऱ्यांचा सल्ला घेतात, जुने घर घेताना वकिलाचा. जुनी होडी घेताना कुणाचा घ्यावा? मला तो घरातच मिळाला, आणि तोही न मागता.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ब्लॅकवॉटर खाडीच्या माथ्याशी माल्डन नावाचे गाव आहे. तिथले मीठ प्रसिद्ध आहे. धक्क्याला थेम्स नदीतले जुने शिडाचे पडाव लागलेले दिसतात. त्यांची शिडे तांबूस. काव आणि माशाचे तेल चोपडून ती टिकवीत. ओहोटी लागली की पाणी लांब जाते आणि कोसभर चिखल उघडा पडतो. माझी पत्नी विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीकाठी वाढलेली. हा चिखल तिने प्रथम पाहिला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अहो, वास ओळखीचा आहे."

होडीचे वेड मात्र माझे, आणि पुण्याच्या माणसाला ते उतारवयातच लागायचे. मला हवी होती 'मिरर' जातीची होडी. 1962 साली जॅक होल्ट या नौकारचनाकाराने आणि टेलिव्हिजनवर घरगुती सुतारकाम शिकवणाऱ्या बॅरी बकनेल याने मिळून ती आखली. 'डेली मिरर' या वृत्तपत्राने तिचा पुरस्कार केला, म्हणून हे नाव. लांबी अकरा फुटांना दोन इंच कमी, नुसत्या सांगाड्याचे वजन सुमारे 45 किलो. सगळे सुटे भाग 63 पौंड 11 शिलिंगांना घरी येत. प्लायवुडच्या फळ्या तांब्याच्या तारेने चक्क शिवायच्या आणि सांध्यांवर काचतंतूंची पट्टी राळेने चिकटवायची. आपल्याकडेही पूर्वी काथ्याने फळ्या शिवून गलबते बांधीत; पण ही गलबते कारकुनाच्या परसात तयार होऊ लागली. अशा 70,000 हून अधिक होड्या झाल्या. डोलकाठीसुद्धा आखूड, आणि वरची काठी तिच्यावर चढवायची. उतरवली की सगळे होडीच्या पोटात मावते आणि होडी मोटारीमागे ट्रेलरवर निघते.

2019 च्या सप्टेंबरात एका गृहस्थाकडे आम्ही होडी पाहायला गेलो. वय ऐंशीच्या पुढे. दोन मुलींसाठी ती त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेली. शीड लाल, थोडे विटलेले. मी पाहताक्षणीच विरघळलो. पत्नीने होडीकडे पाहिलेच नाही; ती ट्रेलरपाशी वाकली. जुन्या होडीच्या व्यवहारात निम्मा धोका ट्रेलरचा असतो. खाऱ्या पाण्यात बुडवून बुडवून चाकांची बेअरिंगे गंजतात, आणि होडीऐवजी माणूसच हमरस्त्यावर बुडतो. तिने चाक उचलून फिरवायला लावले. ते घरघरले.

मग ती होडीकडे वळली. बोटाच्या पेराने फळीवर टकटक करीत नाळेपासून मागे आली. आवाज खणखणीत येत होता. मधली फळी ज्या खोबणीतून पाण्यात सोडतात तिच्या बुडाशी मात्र तो एकदम भद्द झाला. तिने नख टेकवले. ते आत गेले. हवेच्या कप्प्यांची बुचे काढून तिने आत हात घातला. तिथे कोरडे होते. हे सारे पाहत मी गप्प उभा होतो. नारळाची पारख करणाऱ्या बाईपुढे पुणेकराने बोलू नये.

"खोबणी कुजली आहे," ती मराठीत म्हणाली. "नको."

मी तेवढेच भाषांतर केले. म्हातारे गृहस्थ हसले. म्हणाले, "मलाही ठाऊक आहे. हात चालत नाहीत आता. कुणी नेली नाही, तर पाच नोव्हेंबरला जाळू." त्या रात्री इंग्लंडभर होळ्या पेटतात.

मी पत्नीकडे पाहिले. तिच्या आजोबांचा मचवा होता. मंगळुरी कौले, मीठ असला माल ते किनाऱ्याकिनाऱ्याने नेत. रस्ते झाले, ट्रक आले, आणि पुळणीवर ओढून ठेवलेला मचवा तसाच राहिला. एका उन्हाळ्यात तो फोडून लाकूड जळणाला विकले. तेव्हा ती सात वर्षांची होती. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत, एवढीच आठवण ती सांगते, आणि तीही लग्नानंतर वीस वर्षांनी एकदाच सांगितली.

"किती म्हणतात?" तिने विचारले.

"तीनशे पौंड."

"दोनशे द्या. आणि जाळायची नाही म्हणावं."

व्यवहार दोनशे वीसवर तुटला. वरच्या वीस पौंडांत जीवरक्षक जाकिटे दोन आली, त्यांतले एक लहान मुलीचे. ते परत करायला गेलो, तर ते घेईनात.

हिवाळाभर आमच्या गॅरेजात राळेचा वास होता. कुजका भाग कापून नवे प्लायवुड बसवले ते मी. पण घासकाम पसंत पडेपर्यंत माझी सुटका नव्हती. पुढच्या वर्षी कोविडची टाळेबंदी आली आणि होडी पाण्यात उतरायला ऑगस्ट उजाडला. भरती पूर्ण होती. सुकाणू कुणी धरायचे हा प्रश्न निघालाच नाही. ती आधीच मागे जाऊन बसली होती. वारा शिडात भरला, होडी कलली, मी घाबरून दुसऱ्या कडेला सरकलो. ती मात्र पाण्याकडे पाहत होती. बराच वेळ बोलली नाही. ओहोटी लागू लागली तेव्हा मात्र तिने माझ्याकडे वळून वल्ही दाखवली.

"मारा आता," ती म्हणाली, "नाहीतर रात्र चिखलात काढावी लागेल."