इगतपुरीचे दहा दिवस

कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने जोडली आणि बोगद्यांमागून बोगदे मागे टाकीत ती थळघाट चढू लागली. तुम्हाआम्हा मुंबईकरांना इगतपुरी माहीत असते ती घाट संपल्याची खूण म्हणून. चहा घ्यायचा, वडा घ्यायचा आणि नाशिकची वाट पाहायची! गेल्या मे महिन्यात मी मात्र तिथेच उतरले. स्टेशनाबाहेर करवंदांचे द्रोण घेऊन बाया बसल्या होत्या. एक द्रोण घेतला नि रिक्षात बसले.

गावाला लागूनच टेकडीच्या उतारावर धम्मगिरी आहे. सोनेरी पॅगोडा दुरूनच दिसतो. विपश्यनेचे हे केंद्र १९७६ पासून चालू आहे. ते उभारणारे सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीपायी देशोदेशींचे डॉक्टर करून थकले आणि १९५५ साली रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू कोणी जटाधारी नव्हते. ब्रह्मदेश सरकारचे अकौंटंट जनरल होते! हे ऐकून माझ्यातल्या संसारी बाईला जरा धीर आला. १९६९ मध्ये गोएंकांनी ही विद्या भारतात आणली.

मी कशाला गेले? आमच्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. विस्मरणाच्या आजाराने मधली सारी वर्षे पुसून टाकली आहेत. “बाळ आला का ग शाळेतून?” हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा तरी येतो. बाळ म्हणजे आमचे हे. वय वर्षे बावन्न, बँकेतून सातला घरी येतात. पहिली दहा उत्तरे मी गोड देते. पुढे पेपरांचा गठ्ठा समोर असतो, कुकर शिट्ट्या देत असतो, आणि तोच प्रश्न आला की छातीत काहीतरी घट्ट आवळते. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. डॉक्टरांनी औषध सासूबाईंना दिले. मला इगतपुरीचा पत्ता दिला तो कॉलेजातल्या मैत्रिणीने.

दारातच फोन, पुस्तके, वही, पेन जमा झाले. बोलायचे नाही, वाचायचे नाही, लिहायचे नाही. मराठीच्या बाईंचे राहिले काय? पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि फळ. बैठक दिवसाकाठी सुमारे दहा तासांची.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा. तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही. हा प्राणायाम नव्हे. नाकपुडीशी त्याचा स्पर्श जाणवतो का, एवढेच. ऐकायला सोपे! माझे मन तिसऱ्या श्वासाला वाण्याच्या यादीवर जाऊन बसे. चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना न्याहाळणे. त्यातही दिवसातून तीनदा तासभर हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत. पाचव्या दिवशी माझा गुडघा पेटला. पाहत राहिले, तेव्हा दिसले की दुखणे एकसंध नसते. उठते, ठणकते, ओसरते, पुन्हा उठते. तिथे याला ‘अनिच्च’ म्हणतात, आपल्या ‘अनित्य’चे पाली रूप. शब्द वर्गात वीस वर्षे समजावून सांगितलेला. गुडघ्यात प्रथमच भेटला.

सहाव्या दिवशी मागच्या रांगेतली एक बाई सारखी खोकू लागली. माझ्या छातीत तेच आवळले. सासूबाई तर घाटाखाली, दूर होत्या! मग हे कोणाचे? डोळे मिटून पाहत बसले. पाचसहा श्वासांत ते सैल झाले. खोकला चालूच होता.

यात चमत्कार नाही, आणि हे सर्वांसाठीही नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये, असे केंद्रच सांगते आणि ते योग्यच आहे. शिबिराला फी नाही. शेवटी इच्छेनुसार दान द्यायचे. पण बाईमाणसाला दहा दिवस फुकट मिळत नाहीत. ते कोणीतरी भरत असते. माझे दिवस नणंदबाईंनी भरले, सांगलीचे घर कुलूप लावून.

अकराव्या दिवशी दुपारी दार उघडले तेच, “बाळ आला का ग शाळेतून?” एक श्वास आत आला, बाहेर गेला. “वाटेत असतील, आई.” तासाभरात तो प्रश्न आणखी सहा वेळा आला. पाचव्याला छाती आवळलीच.

वन्संनी माझी पिशवी घेतली. त्यांचे डोळे खोल गेले होते. “वहिनी, पुढचे शिबिर कधी असते हो?” त्यांनी हळूच विचारले.

जानेवारीतल्या तारखा मिळाल्या आहेत. दहा दिवसांच्या रजेचा अर्ज मी कॉलेजात देऊन ठेवला आहे.