रंगाला सावली लागते

दिव्यावरच्या लाल जिलेटिन कागदातून आलेल्या प्रकाशात लाल लिपस्टिक दिसेनाशी होते. ओठ आणि गाल सारखेच उजळ होतात, कपाळावरचं कुंकू विरतं आणि हातातला हिरवा चुडा काळा पडतो. तोच चेहरा निळ्या प्रकाशात आणला की ओठ काळेकुट्ट. त्यामुळे रंगीत दिव्यांचं ब्यूटी पोर्ट्रेट करायचं असेल, तेव्हा आरशाभोवतीच्या बल्बांच्या उजेडात मेकअप ठरवू नये, असं मी आग्रहाने सांगते. ज्या प्रकाशात फोटो निघणार, त्याच प्रकाशात बसून लिपस्टिकची छटा निवडावी.

त्वचाही अशीच वागते. पुरळाची लाली रक्तातल्या हिमोग्लोबिनची असते. ते निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतं, लाल मात्र बराचसा परतवतं. म्हणून लाल प्रकाशात डाग आसपासच्या त्वचेत मिसळून जातात आणि चेहरा आयता नितळ दिसतो. निळ्या-हिरव्यात मात्र वांग, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं वर येतं. लाल सोपा वाटतो तो इथवरच. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटमधली रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर आहे: निम्मे ठिपके हिरव्यासाठी, पाव लालसाठी, पाव निळ्यासाठी. निव्वळ लाल प्रकाश टाकला की चेहऱ्याचा तपशील मुख्यतः त्या पाव ठिपक्यांवर येतो. फोटो एकूण अंधारा भासतो, पण लाल चॅनेल कधीच जळून गेलेला असतो. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहायची सवय इथे कामाला येते.

पण रंग फिका आला की लोक जिलेटिनला दोष देतात, दुसरा कागद चढवतात. माझं लक्ष आधी पांढऱ्या दिव्याकडे जातं. रंगीत प्रकाशावर पांढरा पडला की रंग धुऊन निघतो; पांढरा जिथे पोहोचत नाही तिथेच तो टिकतो. म्हणून मी आधी फक्त की लाइट, म्हणजे चेहऱ्यावरचा मुख्य पांढरा दिवा, लावते आणि सावली कुठे पडते ते बघत बसते. नाकाची कड, जबड्याखालचा भाग, गालाच्या हाडामागची उतरण ही रंगाची जागा. ती मोकळी ठेवायला ब्यूटी डिशवर ग्रिड, बाजूला काळा थर्माकोल. मुंबईतल्या लहान स्टुडिओत छत बुटकं आणि भिंती पांढऱ्या. तिथून उडालेला उजेड सावलीत शिरतो. अशा ठिकाणी भिंतींवर काळं कापड लावणं हे मला जिलेटिन निवडण्याहून मोठं काम वाटतं.

मग येते दिव्याची ताकद. एकच निळं जिलेटिन दोन स्टॉप वर नेलं तर आकाशी, दोन स्टॉप खाली आणलं तर शाईसारखं. गडद रंग हवा असेल तर आधी रंगीत दिवा उतरवून बघावा. काँगो ब्लूसारख्या जिलेटिनमधून तसाही एक टक्क्याच्या आसपासच प्रकाश पार होतो. (मॉडेलिंग लॅम्प जुन्या पद्धतीचा असेल तर तो बंदच ठेवा, कागद वितळतो.)

निळ्यासाठी मला सर्वांत आवडणारी पद्धत निळ्या कागदाशिवायची आहे. की लाइटवर फुल सीटीओ, म्हणजे नारिंगी जिलेटिन लावायचं; फ्लॅशचा सुमारे ५५०० केल्विनचा प्रकाश ३२०० च्या घरात येतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्सही ३२०० वर ठेवायचा. चेहरा स्वाभाविक रंगात राहतो आणि मागचा उघडा फ्लॅश आपोआप निळा होतो. हा निळा मऊ असतो, आणि त्या दिव्याचा प्रकाश कागदात वाया जात नाही.

सावळ्या चेहऱ्यावर रंग ‘चढत नाही’, हे वाक्य मी स्टुडिओत वारंवार ऐकते आणि दर वेळी विरोध करते. त्वचेवरून प्रकाश दोन प्रकारे परततो. काही आत शिरून त्वचेचा रंग घेऊन बाहेर येतो. काही वरच्या तेलकट थरावरूनच, स्वतःचा रंग तसाच ठेवून, उसळतो. सावळी त्वचा आतून कमी प्रकाश परतवते, त्यामुळे भरकटलेला पांढरा उजेडही तिच्यावर कमी दिसतो आणि गालावरच्या चमकेतला रंग शुद्ध राहतो. अट एकच, पावडरने ती चमक मारायची नाही. ‘मूनलाइट’ या २०१६ च्या चित्रपटात सिनेमॅटोग्राफर जेम्स लॅक्स्टन यांनी कृष्णवर्णीय चेहऱ्यांवर ही चमक काय सुंदर जपली आहे! कोडॅकची ‘शर्ली कार्डं’ अनेक वर्षं गोऱ्या बाईचा चेहरा हेच रंगाचं माप धरत होती. त्या मापाने आपल्याकडचे चेहरे उजळवत बसण्याची सवय अजून पुरती सुटलेली नाही. मी सावळ्या चेहऱ्याला मोठा सॉफ्टबॉक्स बाजूने, थोडा मागून लावते. गालावर रंगाचा लांब, सलग पट्टा उमटतो. गोऱ्या चेहऱ्यावर तो इतका घट्ट क्वचितच येतो.

छपाईचं गणित वेगळं. स्क्रीनवरचा गडद निळा ऑफसेटच्या चार शायांत बसत नाही, जांभळट आणि मंद होतो. गुलाबी आणि अंबर पुष्कळ टिकतात. त्यामुळे फोटो अंकासाठी असेल तर मी निळा मागच्या पडद्यापुरता ठेवते, चेहऱ्याच्या सावलीत गुलाबी भरते आणि छपाईआधी प्रूफ मागवते.