कारण लेखी द्या

अकोल्याच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. शाळांसाठी लोखंडी डेस्क-बेंच करतो, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक सरकारीच. काही वर्षांपूर्वी विदर्भातल्याच एका कार्यालयाच्या निविदेत माझा तांत्रिक लिफाफा नामंजूर झाला. पोर्टलवर कारण एका ओळीत होतं: सीएच्या उलाढाल प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे पडताळणी क्रमांक, नाही. माझ्या प्रमाणपत्रावर तो क्रमांक सहीखाली ठळक छापलेला होता.

अशा वेळी आमच्या धंद्यात गप्प बसायची रीत आहे. जुनी बिलं अडकलेली असतात, बयाणा परत यायचा असतो, आणि एकदा साहेबाच्या डोळ्यांवर आलं की पुढच्या प्रत्येक निविदेत काहीतरी खोट निघेल ही धास्ती असते. मलाही जवळच्यांनी हेच सांगितलं. पण नामंजुरीची ती ओळ सरळसरळ खोटी होती. ती मुकाट्याने गिळली असती, तर पुढच्या वेळी कारण द्यायचीही कोणाला गरज वाटली नसती.

त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. रडगाणं टाळलं. निविदा क्रमांक, निविदेतली अट, माझ्या कागदाचं पान, आणि सीए संस्थेच्या संकेतस्थळावर तो यूडीआयएन पडताळल्याची छापील प्रत. मागण्या दोनच: नामंजुरीचं कारण लेखी द्या, आणि यावर निर्णय होईपर्यंत आर्थिक लिफाफे उघडू नका. ईमेल केला, तरी सकाळी स्वतः जाऊन आवक-जावकच्या टेबलावर प्रत दिली. तिथले कारकून पोहोच द्यायला कुरकुरत होते. शिक्का आणि आवक क्रमांक मिळाल्याशिवाय मी तिथून हललो नाही.

ही घाई कशासाठी, ते धंद्याबाहेरच्याला चटकन कळत नाही. आर्थिक लिफाफा उघडला की सगळ्यांचे दर सगळ्यांना कळतात, आणि बाहेर काढलेल्या माणसाला परत आत घेणं अवघड होतं. पुढे कार्यादेश निघाला की समोरच्याने पत्रा-पाइप उचललेला असतो, त्याचेही पैसे गुंततात. माहिती अधिकारात अर्ज करता येतो, मीही केला, पण त्याच्या उत्तराला 30 दिवसांची मुदत. तेवढ्यात बेंच शाळेत पोहोचतात.

उत्तर येईना, तेव्हा नागपूर खंडपीठात काम करणाऱ्या एका वकिलीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला आधी रमणा शेट्टींचा 1979 चा निकाल समजावला. मुंबई विमानतळावर उपाहारगृह आणि स्नॅक बार चालवायचं कंत्राट होतं. विमानतळ प्राधिकरणाने स्वतःच घातलेली अनुभवाची अट पूर्ण न करणाऱ्याला ते दिलं. सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सरकारने ठरवलेले निकष सरकारलाही बांधून ठेवतात, मनाला येईल तसे वाकवता येत नाहीत. तरीही कंत्राट रद्द झालं नाही, कारण दाद मागायला पाच महिन्यांहून अधिक उशीर झाला होता आणि तोवर कंत्राटदाराने खर्च करून काम सुरू केलं होतं. “तत्त्व जिंकलं, कंत्राट गेलं. म्हणून तुमच्या पोहोचेवरची तारीख मला तुमच्या कैफियतीपेक्षा महत्त्वाची,” बाई म्हणाल्या.

दुसरी गोष्टही त्यांनी स्पष्ट केली. कोर्ट निविदा समितीच्या खुर्चीत बसत नाही. 1994 च्या टाटा सेल्युलर निकालापासून हे पक्कं आहे: निर्णय बरोबर की चूक यापेक्षा तो कोणत्या रीतीने घेतला ते तपासलं जातं. मनमानी झाली का, आकस होता का, लोकहिताला बाधा येते का. ‘माझा माल चांगला’ हा मुद्दा तिथे टिकत नाही. ‘कागद असूनही नाही म्हटलं’ हा टिकतो. आणि अटच जाचक असेल तर आक्षेप निविदापूर्व बैठकीत घ्यायचा. निविदा भरून, हरून, मग अटीला नावं ठेवली तर कोर्ट सहसा उभं करत नाही.

रिट दाखल झाली, सरकारी वकिलांना प्रत गेली, आणि पहिल्या सुनावणीआधीच कार्यालयाने नामंजुरी मागे घेतली. माझा आर्थिक लिफाफा उघडला. दर दुसऱ्या क्रमांकाचा निघाला, काम कमी दरवाल्याला मिळालं, आणि ते योग्यच झालं. माझा दर मोजला जावा, एवढ्यासाठीच मी गेलो होतो.

मात्र एवढ्याशा गोष्टीला हायकोर्ट गाठावं लागतं, याचा राग अजून जात नाही. तामिळनाडूत 1998 चा आणि कर्नाटकात 1999 चा असे निविदा पारदर्शकतेचे कायदे आहेत, त्यांत नाराज निविदाधारकाला अपील करता येतं. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतही निविदेच्या कागदपत्रांत दाद मागायची सोय ठेवा असं म्हटलंय. आपल्याकडे तसा कायदा हवा, तोही ठरलेल्या मुदतीत निकाल देणारा. वकिलाची फी माझ्या युनिटला एकदा झेपली, दरवेळी झेपणार नाही. माझ्याहून लहान असलेल्याला तर एकदाही नाही.

मध्यंतरी शेजारच्या प्लॉटवरचा पोरगा आला. त्याच्या निविदेत अनुभवाची अट एकाच पुरवठादाराला बसेल अशी घातलेली. निविदापूर्व बैठक झाली का, विचारलं. सोमवारी आहे म्हणाला. तिथेच बसून अट क्रमांक टाकून पत्र तयार केलं आणि त्याच्या दोन प्रती काढल्या, एक कार्यालयाला द्यायला आणि एक पोहोच घ्यायला.