पोटोमॅक नदीवरचा पूल

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तेथील विमानतळावरून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाची गाडी पकडली की पेंटॅगॉन स्टेशननंतर गाडी भुयारातून बाहेर येते आणि पोटोमॅक नदी ओलांडू लागते. डाव्या हाताला, अगदी शेजारी, मोटारींचा एक लांब पूल दिसतो. दिसायला त्यात विशेष काही नाही. सकाळी कामावर जाणाऱ्यांची गर्दी असते, एवढेच. पण या पुलाला एका साध्या नोकरदार माणसाचे नाव दिलेले आहे. आर्लंड विल्यम्स हे ते नाव. ते का दिले, हे आपण सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे.

13 जानेवारी 1982. वॉशिंग्टनमध्ये सकाळपासून बर्फ पडत होता. धावपट्टी साफ करण्यासाठी विमानतळ काही वेळ बंद ठेवावा लागला. एअर फ्लोरिडा कंपनीचे बोइंग 737 विमान फ्लोरिडाकडे निघण्याच्या तयारीत होते. आत 79 माणसे होती. विमानावरचा बर्फ औषधी पाण्याने धुऊन काढला गेला. पण पुढे विमानांची रांग होती. धुणे संपल्यापासून विमान उडेपर्यंत सुमारे 49 मिनिटे गेली. तेवढ्या वेळात बर्फ पडतच होता आणि पंखांवर पुन्हा साचत होता.

एवढ्याशा बर्फाने एवढे मोठे विमान कसे पडेल, असे कुणालाही वाटेल. पण विमान उडते ते पंखावरून गुळगुळीत वाहणाऱ्या हवेच्या जोरावर. सुताराकडच्या खरबरीत पॉलिश पेपरइतका बर्फाचा थर पंखावर बसला, तरी विमानाला उचलून धरणारी शक्ती 30 टक्क्यांपर्यंत कमी होते आणि हवेचा अडथळा 40 टक्क्यांपर्यंत वाढतो. बर्फाचे वजन हा दुय्यम प्रश्न आहे. खरा घात होतो तो खरबरीतपणामुळे.

त्या दिवशी आणखी एक चूक झाली. इंजिनाला गरम ठेवून बर्फापासून वाचवणारी यंत्रणा वैमानिकांनी चालू केलीच नाही. इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब मोजणारी नळी असते, ती बर्फाने बुजली. त्यामुळे समोरचा काटा इंजिनाचा जोर पुरेसा दाखवत होता आणि प्रत्यक्षात जोर बराच कमी होता. विमान धावपट्टीवर धावू लागले तेव्हा सहवैमानिकाच्या हे लक्षात आले. काहीतरी बरोबर नाही, असे त्याने एकदा नव्हे, अनेकदा सांगितले. वरिष्ठ असलेल्या कॅप्टनने ते मनावर घेतले नाही. तेव्हा विमान अजून जमिनीवर होते, थांबवता आले असते. ते थांबवले नाही.

विमान उडाले, पण वर चढेना. अर्ध्या मिनिटात ते खाली आले, पुलावरच्या सहा मोटारी आणि एका ट्रकला धडकले आणि गोठलेल्या नदीत कोसळले. विमानातील 74 आणि पुलावरील 4 अशी 78 माणसे गेली.

शेपटीच्या तुकड्याला धरून सहा जण बर्फाच्या पाण्यात तरंगत होते. घरी निघालेला रॉजर ओलियन नावाचा पत्र्याचे काम करणारा कामगार कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. त्याला त्यांच्यापर्यंत पोचता आले नाही, पण कुणीतरी आपल्यासाठी येत आहे, हे त्या सहा जणांनी पाहिले. मग पार्क पोलिसांचे हेलिकॉप्टर आले. त्यातून सोडलेला दोर आर्लंड विल्यम्स यांच्याकडे आला की ते तो दुसऱ्याच्या हाती देत. पुन्हा आला, पुन्हा दिला. एका बाईच्या हातून दोर सुटला तेव्हा काठावरच्या गर्दीतून लेनी स्कटनिक या सरकारी कार्यालयातील साध्या कर्मचाऱ्याने नदीत उडी घेतली आणि तिला बाहेर काढले. पाच जण वाचले. हेलिकॉप्टर शेवटी विल्यम्स यांच्यासाठी परतले, तेव्हा ते पाण्याखाली गेले होते. 1985 साली पुलाला त्यांचे नाव दिले गेले.

सात वर्षांनी कॅनडातील ड्रायडन या लहान गावी तसाच प्रकार घडला. 10 मार्च 1989 रोजी पंखांवर बर्फ असलेले विमान उडाले आणि जंगलात पडले. 69 पैकी 24 जण मरण पावले. पंखावरचा बर्फ प्रवाशांनी पाहिला होता, विमानातील सेविकांनीही पाहिला होता. पण वैमानिकापर्यंत कुणी गोष्ट नेली नाही. वैमानिकाला ठाऊकच असेल, आपण कोण सांगणारे, असा संकोच आड आला. न्यायमूर्ती मोशान्स्की यांनी दीर्घ चौकशी करून 1992 मध्ये 191 शिफारशी केल्या.

आज थंड देशांतील विमानतळांवर फार काटेकोरपणा असतो. आपल्याकडे रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला पाळण्याची गाडी येते, तशीच गाडी विमानाजवळ येते. पाळण्यातला कामगार कडाक्याच्या थंडीत उभा राहून ग्लायकॉल मिसळलेले गरम पाणी पंखांवर मारतो. ते नारिंगी रंगाचे असते आणि असलेला बर्फ काढते. त्यानंतर हिरवे, दाट द्रव्य लावतात. ते नवा बर्फ काही वेळ बसू देत नाही. किती वेळ, याचे तक्ते ठरलेले आहेत. ती मिनिटे उलटली तर पंख पुन्हा तपासतात, गरज पडल्यास पुन्हा धुतात. उशीर होतो, प्रवासी वैतागतात. पण तो उशीर त्यांच्याच जिवासाठी असतो.

दुसरा बदल माणसांत झाला. सहवैमानिकाने शंका स्पष्ट बोलावी आणि कॅप्टनने ती ऐकून घ्यावी, याचे आता रीतसर शिक्षण दिले जाते.

आपल्या घरांतील मुलेमुलीही आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिका-कॅनडाला जातात. हिवाळ्यात त्यांना भेटायला जाण्याचा योग आला आणि विमान निघण्याच्या वेळी खिडकीतून पंखावर बर्फ दिसला, तर लाजू नका. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालेल, बोट दाखवून सेविकेला सांगा. आणि इथे आपल्या कारखान्यात, बांधकामावर किंवा बसमध्ये एखादा मदतनीस "साहेब, काहीतरी बिघडलंय" असे म्हणाला, तर त्याचा हुद्दा न पाहता आधी यंत्र थांबवा आणि मग त्याचे म्हणणे तपासा.