गळ्यांचा बँड

क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ मी पहिल्यांदा ऐकलं ते दादाच्या कॅसेटवर, पुण्यात शाळेत असताना. १९७५चं हे गाणं सुरू होतं तेव्हा एकही वाद्य नसतं. एकावर एक रचलेले गळे तेवढे. फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे ‘हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे दादा मोठ्या अभिमानाने सांगे. मी मात्र तो सुरुवातीचा तुकडाच रिवाइंड करकरून ऐकत असे.

संध्याकाळी बाईंकडे ख्यालाची तालीम असायची. तिथे गाणारी एक, बाकी सारे साथीला. मागे उभं राहून गाण्यातही पुरतं गाणं असतं, हे मला बॉस्टनमधल्या कॉलेजात कळलं.

अमेरिकन कॉलेजांत वाद्यांविना, अकापेला गाण्याची रीत जुनी आहे. येल विद्यापीठाचे विफनपूफ्स १९०९पासून गाताहेत. अंगात टेलकोट, हातांत पांढरे मोजे. कॉलेजांत रॉकची खरी धुमाळी माजली ती फार पुढे. टफ्ट्स विद्यापीठातल्या बील्झबब्ज या गटाने १९९१मध्ये ‘फॉस्टर स्ट्रीट’ नावाचा अल्बम काढला. डीक शॅरन हा त्यांचा विद्यार्थी-दिग्दर्शक. गिटार, बेस, ड्रम्स, प्रत्येकाची जागा गळ्यानेच घ्यायची, हा त्याचा ध्यास होता. त्या वाटेने मग कितीतरी कॉलेजांतले गट गेले.

आमचा गट मिश्र होता आणि गायचा फक्त रॉक. मी आल्टोत, म्हणजे मुलींच्या खालच्या पट्टीत. वाट्याला आली डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’मधली गिटार. ती प्रसिद्ध सुरावट दोन समांतर सुरांची आहे, दोघांत अंतर चौथ्या स्वराचं. म्हणजे आपला षड्ज-मध्यम भाव! मालकंसासाठी तानपुरा मध्यमात लावतात, तो संवाद माझ्या कानात मुरलेला होता. शेजारची मुलगी खालचा सूर धरी, मी वरचा. ओठ आवळून, आवाज नाकात नेऊन ‘ज्याँव, ज्याँव’ म्हटलं की गिटारची खरखर उतरायची. ड्रम्स होता इंजिनिअरिंगचा एक मुलगा. ‘ब’ म्हणजे मोठा ढोल, ‘त्स’ म्हणजे झांज, आणि स्नेअरचा ‘क’ तो श्वास आत ओढताना काढायचा. नाहीतर दम घ्यायला त्याला उसंतच नव्हती. तबलजींची पढंत ऐकत वाढलेल्या मला तो पहिल्या दिवसापासून घरचा वाटला.

सगळ्यांत जास्त तालीम व्हायची श्वासाची. लांबलचक सूर धरायचा असला की शेजारणीने श्वास घेतला त्या क्षणी आपण घ्यायचा नाही. एकीने सूर सोडला की दुसरीने सावरायचा. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो, प्रत्यक्षात तो सलग कुणीच गायलेला नसतो. ॲम्प्लिफायर नसताना सभागृह दणाणून जायचं, ते या विश्वासावर. चार वर्षांनी माणसं पदवी घेऊन निघून जात, मागे उरत विद्यार्थ्यांनीच बांधलेल्या स्वररचना. नवे गळे आले की त्या त्यांच्या बेताने पुन्हा बांधायच्या.

पुण्याला परतले आणि मी पोवाडा वेगळ्या कानाने ऐकू लागले. शाहीर दम घेतो तेव्हा झीलकरी ‘जी जी रं जी’ने आवेश खाली पडू देत नाहीत. लहानपणी माझी नजर शाहिरावर असायची, आता ती झीलकऱ्यांवर असते. त्यांच्या जोरावरच शाहीर पुढच्या कडव्यात बिनधास्त झेप घेतो.

हल्ली रविवारी आमच्या सोसायटीतली कॉलेजची मुलं माझ्याकडे वाद्यांविना रॉक गायला जमतात. सोलो प्रत्येकालाच हवा असतो. मी मात्र सगळ्यांत पक्क्या सुराची मुलगी आधी मागच्या ओळीत घेते. ती हिरमुसते, घरी जाऊन आईशी भांडतेही. मग एखाद्या रविवारी आपल्या सुरावर पुढचा गळा निर्धास्त उभा राहिलेला तिला ऐकू येतो, आणि त्यानंतर ती जागा ती कुणालाही द्यायला तयार होत नाही.