पाण्याची शिल्लक

समुद्राचे पाणी खारट असते, हे लहान मूलही सांगेल. पण त्या पाण्यात आणखी एक गुण असतो, तो जिभेला कळत नाही. आम्ल पचविण्याची त्याची जी शक्ती, तिला अल्कता म्हणतात. ती मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे येते. ते बायकार्बोनेट आणि कॅल्शियम यांतूनच प्रवाळ आपले पाषाणाचे घर बांधतात. अथांग सागरात ही शिल्लक सरत नाही. घरातील काचेच्या टाकीत मात्र ती रोज खर्ची पडते.

आम्हांला हे उमगले ते जर्मनीत. तेथील एका धर्मग्रामात उन्हाळी सुट्टीपुरते बदली धर्मगुरू म्हणून आम्ही गेलो होतो. आमचे यजमान निवृत्त शिक्षक. त्यांच्या दिवाणखान्यात ३०० लिटरची प्रवाळांची टाकी होती. (आपल्या देशात २००१ पासून पाषाणप्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरची पोवळी कोणी या हौसेपायी उचलू नयेत.)

यजमान दर शनिवारी ठरावीक वेळी अल्कता मोजीत. काचेच्या नळीत ५ मिलिलिटर पाणी घेत, त्यात सूचक द्रव मिसळून ते निळे करीत आणि मग आम्लाचा एकेक थेंब सोडीत. निळ्याचे पिवळे होईपर्यंत जितके थेंब, तितके अंश. अधिक बारकाईने पाहावयाचे तर पाणी दुप्पट घ्यावे व थेंबागणिक अर्धा अंश धरावा. समुद्रात हा आकडा सुमारे ७ असतो. यजमान तो ८ वर राखीत आणि त्यासाठी रोज खाण्याच्या सोड्याचे द्रावण घालीत.

एका शनिवारी आकडा आला साडेसहा. नातू म्हणाला, "आजोबा, लागेल तेवढा सोडा आताच घाला ना!" आजोबांनी आधी पुन्हा मोजले, पाण्याचा खारटपणा पाहिला, मग हिशेब मांडला. १०० लिटर पाण्याची अल्कता एका अंशाने वाढवावयास सुमारे ३ ग्रॅम सोडा लागतो. म्हणजे दीड अंशासाठी त्यांच्या टाकीला साडेतेरा ग्रॅम. तो त्यांनी रोजच्या मात्रेव्यतिरिक्त साडेचार ग्रॅमप्रमाणे तीन दिवसांत घातला. अल्कता एकाएकी चढली तर प्रवाळांची टोके पांढरी पडतात, मांसल त्वचा सुटू लागते. कॅल्शियमचे द्रावणही ते सोड्याबरोबर कधी घालीत नसत. दोन्ही एकत्र आली की प्रवाळांच्या उपयोगी न पडता पांढरा गाळ होऊन तळाशी बसतात.

मग तूट आली कशाने? टाकीत रोग नव्हता. प्रवाळ वाढले होते, त्यांची भूक वाढली होती. मात्रा तेवढी जुनीच राहिली होती. यजमानांनी ती किंचित वाढविली आणि वहीत तारखेसह नोंदविली.

वाचकहो, आकडा ८ असावा की ९, याने प्रवाळांचे फारसे बिघडत नाही. आज ७ आणि उद्या १० झाले, तर मात्र ते त्यांच्या जिवावर बेतू शकते.