फिनालेचा उतार

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, जिनोव्हाच्या पश्चिमेस, फिनाले लिगुरे हे गाव आहे. खाली निळा समुद्र, वर ऑलिव्हची पायऱ्यापायऱ्यांची शेते आणि त्यांच्या माथ्यावर चुनखडीचे उघडे कडे. २०१३ साली सुरू झालेल्या एंड्युरो जागतिक मालिकेची त्या वर्षीची अखेरची फेरी येथेच झाली. डोंगरी सायकलस्वारांचे तर हे तीर्थक्षेत्रच! बडोद्याहून आम्ही आलो ते भाच्याच्या शर्यतीसाठी.

या शर्यतीत घड्याळ लागते ते उतरणीच्या टप्प्यांना. चढणीला केवळ मुदत. उतरणींच्या वेळांची बेरीज ज्याची कमी, तो विजयी. सरावाला मात्र एका टप्प्यावर एकदोनच फेऱ्या मिळतात; म्हणून सराव पायांचा कमी, स्मरणाचा अधिक. भाचा वळणावळणावर थांबे, मागे चालत जाई, दगड न्याहाळी. रात्री शिरस्त्राणावरील कॅमेऱ्यातले चित्रण पाहून, पाढे म्हणावेत तशी वळणे पुटपुटे.

एका कड्यापाशी तो फार वेळ उभा राहिला. सरळ उडी घेतली तर दोनतीन सेकंद वाचत. डावीकडची वाट लांबची, पण भक्कम. त्याच जागी सकाळी एका स्वाराचे मनगट मोडले होते. ताई शेजारीच होती. ती एक शब्दही बोलली नाही, याचे आम्हांस कौतुक वाटले. येथला दगड भिजला की साबणासारखा निसरडा होतो.

“पाऊस नसेल तर सरळच,” भाचा म्हणाला.

मध्यरात्री खिडकीच्या झडपांवर थेंब वाजले. ताई उठली आणि तिने हात बाहेर धरून पाहिला.